दशकाच्या मध्यावर बदललेला नकाशा

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि तिच्या आकड्यांवरून मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या जातात. दहा वर्षांत खेडी ओस पडतात, शहरांच्या कडेला वसाहती वाढतात. प्रत्येक मतदारसंघात सारखी लोकसंख्या ठेवायची तर सीमा सरकवणे भागच असते. इथवर हे काम मोजणीदाराचे वाटते. पण तिथल्या बहुतेक राज्यांत या सीमा राज्याचे विधिमंडळ साध्या विधेयकाने ठरवते. इतर कायदे जसे बहुमताने होतात तसाच नकाशाही बहुमताने होतो. त्यामुळे विधिमंडळात सत्तांतर झाले, की जुना नकाशा मोडून आपल्या सोयीचा नकाशा आणण्याचा मोह नव्या बहुमताला होतो. टेक्सास राज्यात २००३ साली हा मोह कुठवर जाऊ शकतो ते दिसले, आणि त्याची किंमत तो देश अजून मोजतो आहे.

नकाशाने निकाल कसा फिरतो, हे लहान हिशेबाने समजते. पाचशे मतदार आहेत आणि शंभर-शंभरांचे पाच मतदारसंघ करायचे आहेत, असे धरू. एका पक्षाकडे २४० मते आहेत, दुसऱ्याकडे २६०. दुसऱ्या पक्षाचे ९२ मतदार एकाच मतदारसंघात कोंबले, की त्याची उरलेली १६८ मते बाकीच्या चार मतदारसंघांत ४२-४२ अशी विखुरतात. पहिला पक्ष या चारही जागा ५८ विरुद्ध ४२ अशा जिंकतो. एकूण मतांत मागे असलेल्या पक्षाच्या पदरात पाचपैकी चार जागा पडतात, आणि त्यासाठी एकही खोटे मत टाकावे लागत नाही. विरोधकांना एका ठिकाणी कोंडायचे आणि उरलेल्यांची पांगापांग करायची, एवढीच ही युक्ती आहे. तिला लागते ती कोणत्या गल्लीत कोण कोणाला मत देतो याची माहिती. ती एके काळी स्थानिक पुढाऱ्याच्या डोक्यात असे, आता संगणकात असते.

या युक्तीला नाव मिळाले ते १८१२ साली. मॅसॅच्युसेट्स राज्यात गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या पक्षाने राज्य सिनेटच्या मतदारसंघांची फेरआखणी केली आणि गेरी यांनी त्या कायद्यावर सही केली. एसेक्स परगण्यातला एक मतदारसंघ इतका वेडावाकडा झाला, की त्याच वर्षी मार्च महिन्यात बोस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याला पंख आणि नखे काढून सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्याच्या रूपात छापले. गेरी आणि सॅलमँडर मिळून ‘जेरीमँडर’ हा शब्द झाला. त्या वर्षी गेरी स्वतः गव्हर्नरपदाची निवडणूक हरले, पण सिनेट त्यांच्या पक्षाकडे राहिले. नकाशा काय करू शकतो, हे त्या एका निकालातून पुरेसे स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सत्तांतर आणि नकाशाबदल ही जोडीच झाली होती. ओहायो राज्यात १८७८ ते १८८६ या काळातल्या पाच लागोपाठच्या निवडणुका पाच वेगवेगळ्या नकाशांवर झाल्या. विसाव्या शतकात दुसऱ्या टोकाचा आजार बळावला. ग्रामीण प्रतिनिधींनी आपली पकड राखण्यासाठी अनेक राज्यांत दशकानुदशके नकाशाला हातच लावला नाही. अखेर १९६२ आणि १९६४ सालच्या निकालांतून सर्वोच्च न्यायालयाने मतदारसंघांची लोकसंख्या समान असलीच पाहिजे असे बजावले. तेव्हापासून जनगणनेनंतर एकदा नकाशा आखायचा आणि पुढची दहा वर्षे त्याला हात लावायचा नाही, असा शिरस्ता पडला. पहिला भाग न्यायालयाने घालून दिलेला होता. दुसरा भाग, म्हणजे दहा वर्षे हात न लावणे, हा केवळ पाळला जाणारा संकेत होता. देशाच्या राज्यघटनेत तो कुठेही लिहिलेला नव्हता.

टेक्सासमध्ये १९९१ सालचा नकाशा डेमोक्रॅटिक पक्षाने केला होता आणि तोही आपल्या फायद्याचाच होता. राज्याचा कौल रिपब्लिकनांकडे झुकू लागला होता, तरी या नकाशामुळे वॉशिंग्टनमधल्या प्रतिनिधिगृहातल्या राज्याच्या बहुसंख्य जागा डेमोक्रॅटांकडेच राहत होत्या. २००० च्या जनगणनेनंतर राज्याच्या जागा ३० वरून ३२ झाल्या. २००१ साली राज्याचे सिनेट रिपब्लिकनांकडे आणि कनिष्ठ सभागृह डेमोक्रॅटांकडे, अशी विभागणी असल्याने एकमत झाले नाही. काम तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायालयाकडे गेले. न्यायालयाने दोन नव्या जागा बसवल्या आणि जुन्या नकाशाचा सांगाडा बराचसा तसाच ठेवला. २००० साली राज्यव्यापी पदांच्या लढतींत रिपब्लिकनांना ५९ टक्के मते मिळाली होती. तरी २००२ साली नव्या नकाशावर डेमोक्रॅट १७ आणि रिपब्लिकन १५ असे प्रतिनिधी निवडून आले. रिपब्लिकनांची तक्रार खरी होती, हे मान्य केल्याशिवाय पुढच्या घटनांचा न्याय्य विचार करता येत नाही.

नोव्हेंबर २००२ मध्ये राज्याचे कनिष्ठ सभागृहही रिपब्लिकनांच्या हाती आले, ८८ विरुद्ध ६२ असे. यादवी युद्धानंतरच्या पुनर्बांधणीच्या काळापासून, म्हणजे सुमारे १३० वर्षांत, असे पहिल्यांदाच घडत होते. मिडलँडचे टॉम क्रॅडिक सभापती झाले. गव्हर्नर रिक पेरी त्याच पक्षाचे होते आणि सिनेटही १९ विरुद्ध १२ असे ताब्यात होते. या विजयामागे वॉशिंग्टनमधल्या प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन नेते टॉम डिले यांची योजना होती. त्यांनी उभारलेल्या राजकीय निधीसमितीने राज्यातल्या उमेदवारांना पैसा पुरवला. राज्याचे सभागृह जिंकायचे, त्याच्याकडून नकाशा बदलून घ्यायचा आणि त्या नकाशावर वॉशिंग्टनमधले बहुमत वाढवायचे, असा हा तीन पायऱ्यांचा बेत होता. कंपन्यांचे १,९०,००० डॉलर फिरवून उमेदवारांपर्यंत पोचवल्याच्या आरोपावरून डिले यांना २०१० साली दोषी ठरवण्यात आले. पुढे अपिलात ती शिक्षा रद्द झाली आणि २०१४ साली राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने त्यांची सुटका कायम केली.

नकाशाचे विधेयक मे २००३ मध्ये सभागृहात आले. डेमोक्रॅटांकडे ते पाडण्याइतकी मते नव्हती, पण कोरम मोडण्याइतकी माणसे होती. टेक्सासच्या सभागृहात १५० पैकी दोनतृतीयांश, म्हणजे १०० सदस्य हजर असल्याशिवाय कामकाज चालत नाही. १२ मे रोजी पन्नासहून अधिक डेमोक्रॅट आमदार राज्याची हद्द ओलांडून ओक्लाहोमातल्या आर्डमोर गावी एका हॉटेलात जाऊन राहिले. हद्द ओलांडणे गरजेचे होते, कारण टेक्सासचे पोलीस गैरहजर सदस्याला पकडून सभागृहात आणू शकत होते, पण दुसऱ्या राज्यात त्यांचा अंमल चालत नव्हता. माजी सभापती पीट लेनी यांच्या विमानाचा माग काढण्यासाठी डिले यांच्या कार्यालयाने केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाला कामाला लावले. त्याबद्दल प्रतिनिधिगृहाच्या नीतिमत्ता समितीने २००४ साली डिले यांची कानउघाडणी केली. विधेयके संमत करण्याची मुदत १५ मेच्या मध्यरात्री संपली, नकाशा बारगळला आणि आमदार परतले.

गव्हर्नर पेरी यांनी ३० जूनपासून विशेष अधिवेशन बोलावले, आणि आता अडथळा सिनेटमध्ये आला. टेक्सासच्या सिनेटमध्ये एक जुनी प्रथा होती. अधिवेशनाच्या सुरुवातीला कामकाजाच्या यादीत सर्वांत वर एक बिनमहत्त्वाचे विधेयक ठेवायचे आणि ते चर्चेला घ्यायचेच नाही. त्याच्या खालचे कोणतेही विधेयक क्रम मोडून घ्यायचे तर ३१ पैकी २१ जणांची संमती लागे. म्हणजे ११ सदस्य मिळून काहीही रोखू शकत, आणि म्हणूनच बहुमतवाल्यांना विरोधकांशी बोलणी करावी लागत. पहिल्या विशेष अधिवेशनात दहा डेमोक्रॅटांच्या जोडीला बिल रॅटलिफ हे रिपब्लिकन सदस्य उभे राहिले आणि नकाशा पुन्हा अडला. तेव्हा सिनेटचे अध्यक्षस्थान सांभाळणारे लेफ्टनंट गव्हर्नर डेव्हिड ड्यूहर्स्ट यांनी पुढच्या अधिवेशनात यादीच्या माथ्यावर ते अडसराचे विधेयक ठेवायचेच नाही असे ठरवले. नियम मोडला गेला नाही, कारण तो नियम नव्हताच. पण अल्पमताला दिलेला सगळ्यात मोठा शब्द एका निर्णयाने संपला.

२८ जुलैला अकरा डेमोक्रॅटिक सिनेटर न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला निघून गेले आणि महिनाभर तिथेच राहिले. गैरहजेरीबद्दल सिनेटने त्यांना दंड ठोठावला. सप्टेंबरच्या सुरुवातीला ह्यूस्टनचे जॉन व्हिटमायर परतले आणि कोरमचा प्रश्न मिटला. तिसरे विशेष अधिवेशन १५ सप्टेंबरला सुरू झाले. आता विरोधकांकडे काहीच उरले नव्हते, तरी निकाल लागायला चार आठवडे लागले, कारण रिपब्लिकनांचे आपापसातच जुळेना. सभापती क्रॅडिक यांना आपल्या मिडलँडसाठी स्वतंत्र मतदारसंघ हवा होता, आणि शेजारच्या लबकचे सिनेटर त्याला तयार नव्हते. पक्षहिताच्या नकाशात गावहित आणि व्यक्तिहितही वाटा मागत होते. शेवटी क्रॅडिक यांचे म्हणणे खरे झाले. १२ ऑक्टोबरला नकाशा संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी गव्हर्नरांनी सही केली.

या नकाशात ऑस्टिन हे डेमोक्रॅटांकडे झुकणारे शहर तीन मतदारसंघांत वाटले गेले. एक मतदारसंघ मेक्सिकोच्या सीमेवरच्या मॅकॅलनपासून थेट ऑस्टिनपर्यंत, सुमारे ३०० मैल लांब चिंचोळ्या पट्ट्यासारखा पसरला. डॅलस–फोर्टवर्थ परिसरातला डेमोक्रॅट नेते मार्टिन फ्रॉस्ट यांचा मतदारसंघ मोडून टाकला गेला. सीमेवरच्या लॅरेडो शहराचे दोन तुकडे झाले आणि रिपब्लिकन प्रतिनिधी हेन्री बोनिया यांच्या तेविसाव्या मतदारसंघातून सुमारे एक लाख लॅटिनो नागरिक बाहेर काढले गेले, कारण ते बोनियांच्या विरोधात एकवटू लागले होते. २००४ साली रिपब्लिकन २१ आणि डेमोक्रॅट ११ असा निकाल लागला. फ्रॉस्ट हरले, आणि पश्चिम टेक्सासातले ज्येष्ठ डेमोक्रॅट चार्ली स्टेनहोम हेही हरले.

मतदान हक्काच्या कायद्यानुसार तेव्हा टेक्सासला प्रत्येक नव्या नकाशासाठी केंद्रीय न्याय खात्याची पूर्वमंजुरी घ्यावी लागे. डिसेंबर २००३ मध्ये ती मिळाली. खात्यातल्या सहा वकिलांनी आणि दोन विश्लेषकांनी एकमताने नकाशाला विरोध केला होता आणि वरिष्ठांनी तो बाजूला सारला होता, हे दोन वर्षांनी वृत्तपत्रांतून उघड झाले. जून २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेविसावा मतदारसंघ लॅटिनो मतदारांवर अन्याय करणारा म्हणून बेकायदा ठरवला. न्यायालयाने काही मतदारसंघ पुन्हा आखून घेतले आणि त्या वर्षअखेर बोनिया पराभूत झाले. पण मूळ प्रश्नावर निकाल राज्याच्या बाजूने गेला. दशकाच्या मध्यावर नकाशा बदलायला राज्यघटनेची किंवा केंद्रीय कायद्याची मनाई नाही, असे न्यायालयाने सांगितले. २०१९ साली तर त्याच न्यायालयाने, पक्षहितासाठी केलेली फेरआखणी हा संघीय न्यायालयांनी सोडवण्याचा प्रश्नच नाही असा पाच विरुद्ध चार निर्णय दिला.

याच सुमारास दुसऱ्या एका राज्यात उलट निकाल लागला, तो टेक्सासइतका गाजला नाही. कोलोरॅडोत २००२ साली रिपब्लिकनांनी सिनेट जिंकले आणि मे २००३ मध्ये अधिवेशनाच्या अखेरच्या दिवसांत घाईने नवा नकाशा संमत करून घेतला. डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. जनगणनेनंतर नकाशा एकदाच, असे त्या राज्याच्या घटनेत लिहिलेले होते. दोन्ही ठिकाणी पक्ष तोच आणि वर्षही तेच होते, पण कोलोरॅडोतला संकेत कागदावर उतरलेला होता.

लोकसभा आणि विधानसभांच्या बाबतीत भारताने हा धोका ओळखून काम स्वतंत्र परिसीमन आयोगाकडे दिले. असे आयोग १९५२, १९६३, १९७३ आणि २००२ साली नेमले गेले. आयोगाच्या आदेशाला कायद्याचे बळ असते आणि संसद किंवा विधानसभा त्यात फेरफार करू शकत नाही. महापालिकांना मात्र हे कवच नाही. महाराष्ट्रात मुंबई वगळता इतर महापालिकांच्या प्रभागांत २००२ साली तीन, २००७ साली एक, २०१२ साली दोन आणि २०१७ साली चार नगरसेवक अशी रचना राहिली. चार निवडणुकांत चार पद्धती! मुंबईत महाविकास आघाडी सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रभाग २२७ वरून २३६ केले आणि मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारा कायदा विधिमंडळाने केला. जूनअखेर सरकार पडले आणि ऑगस्टमध्ये नव्या सरकारने पुन्हा २२७ केले. आधीच्यांनी सरकारकडे घेतलेला अधिकार त्यांच्या विरोधकांच्या हाती आयता पडला होता. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात चालू राहिला. ज्या मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, तिची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षे या शहराने एकही नगरसेवक नसताना काढली, आणि हे नुकसान कोणत्याही एका पक्षाचे नव्हते.

टेक्सासमध्ये २००३ ची गोष्ट २०२५ साली पुन्हा घडली, या वेळी सत्तांतराशिवाय. प्रतिनिधिगृहातल्या ३८ पैकी २५ जागा आधीच हाती असताना रिपब्लिकनांनी आणखी पाच मिळवण्यासाठी मध्येच नकाशा बदलायला घेतला. ऑगस्टमध्ये डेमोक्रॅट आमदार पुन्हा राज्याबाहेर गेले, मुख्यतः इलिनॉयला, आणि पुन्हा परतले. महिनाअखेर गव्हर्नरांची सही झाली. मिसूरी आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांनीही तोच मार्ग धरला. कॅलिफोर्नियात मतदारांनीच २००८ आणि २०१० साली सार्वमत घेऊन नकाशाचे काम विधिमंडळाकडून काढून स्वतंत्र नागरिक आयोगाकडे सोपवले होते. टेक्सासला उत्तर म्हणून ४ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच मतदारांनी आयोगाचा नकाशा २०३० पर्यंत बाजूला ठेवून विधिमंडळाने आखलेला, डेमोक्रॅटांच्या सोयीचा नकाशा मोठ्या बहुमताने स्वीकारला.