दोन-तीन थरांपर्यंत

कौशांबीच्या घोषितारामात छन्न नावाचा भिक्षू राहत होता. त्याच्या भक्त असलेल्या एका महामात्याने त्याला विहार बांधून दिला. विहार पुरा झाला तरी छन्नाचे समाधान होईना. पुन्हा छप्पर शाकारायला लाव, पुन्हा भिंती लिंपायला लाव, असे चालले आणि शेवटी त्या भारानेच विहार कोसळला. मग गवत आणि लाकूड गोळा करण्याच्या धावपळीत त्याने एका ब्राह्मणाच्या जवाच्या शेताची नासाडी केली. बोभाटा झाला. विनयपिटकातल्या, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथातल्या, पाचित्तिय नियमांपैकी एकोणिसावा नियम या प्रकरणातून आला. मोठा विहार बांधताना छपराचे दोन-तीन थर घालायला सांगावेत, त्याहून जास्त नाही. आणि सांगणाऱ्याने उभे राहायचे ते पीक नसलेल्या जागी.

उन्हाळ्याआधी गच्चीवर काय घालावे, याची चौकशी करणाऱ्या आजच्या घरमालकाला हा नियम उपयोगाचा वाटणार नाही. पण त्यात एक जुना वाद दडलेला आहे. थंडी-ऊन सोसणे हा धर्म मानायचा, की त्यांच्यापासून बचाव करणे?

सोसण्याच्या बाजूने मोठे पुरावे आहेत. गीतेचा दुसरा अध्याय शीत-उष्णाला येणारे-जाणारे मानून सहन करायला सांगतो. जैन मुनींच्या बावीस परीषहांत, म्हणजे सोसायच्या कष्टांत, थंडी, उष्मा आणि डासांचा चावाही आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेला ‘विवेकचूडामणी’ तर तितिक्षेची व्याख्या करताना, प्रतिकार न करता आणि कुरकुर न करता सोसणे, अशी अट घालतो. ती शब्दशः घेतली तर पत्र्याखाली थर्मोकोल लावणेही साधनेत खंड ठरेल. मात्र हे सारे मुमुक्षूंना आणि साधकांना सांगितलेले आहे. घरातल्या तान्ह्या मुलाला आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीला तितिक्षेची दीक्षा कोणी दिली?

बुद्धाने मधला मार्ग काढला आणि तो आश्चर्य वाटावे इतका तपशिलात आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीने विनंती केल्यावर झाडाखाली आणि डोंगरकपारीत राहणाऱ्या भिक्षूंना पाच प्रकारच्या निवासांची परवानगी मिळाली. छपरेही पाच प्रकारची चालत: विटांची, दगडाची, चुन्याची, गवताची, पानांची. भिंती आतून-बाहेरून लिंपायला हरकत नव्हती. खिडक्यांचा नियम तर आजच्या वास्तुविशारदाने लिहावा तसा आहे. थंडीत त्या दिवसा उघडाव्यात आणि रात्री बंद कराव्यात, उन्हाळ्यात बरोबर उलट. निवास कशासाठी, हे भिक्षूने रोज आठवायचे असते: थंडी, ऊन, वारा, डास आणि सरपटणारे प्राणी यांपासून बचावापुरते.

हे ‘पुरते’ घराच्या प्रत्येक भागात वेगळे असते. उन्हाळ्याच्या दुपारी सूर्य डोक्यावर असतो, म्हणून पहिला हक्क छपराचा. काँक्रीटच्या स्लॅबवर फोमचे कडक बोर्ड अंथरून वर कोबा करतात आणि त्यावर पांढरी फरशी किंवा चुना. पत्र्याचे गणित निराळे: तो पातळ, लगेच तापणारा आणि खाली उष्णता फेकणारा, म्हणून त्याखाली हवेची फट सोडून चकचकीत फॉइल लावतात. रॉकवूल आगीला दाद देत नाही, पण भिजले की त्याचा गुण जातो. गळक्या कौलांखाली ते घालणे म्हणजे पैसे पागोळीत सोडणे. साधा थर्मोकोल स्वस्त असला तरी पेट घेतो, तेव्हा स्वयंपाकघरात तो उघडा नको. पश्चिमेच्या भिंतीला आतून काही लावण्याआधी बाहेर सावली हवी. विदर्भात किंवा देशावर रात्री गारवा येतो, तिथे मातीच्या जाड भिंती आणि धाब्याचे छप्पर दिवसाची उष्णता रात्रीपर्यंत अडवून धरतात. कोकणात रात्रही दमटच, तिथे कौलांच्या फटींतून वाहणारा वारा जास्त कामाचा.

आणि जवाच्या शेताचे काय? एअरकंडिशनर खोलीतली उष्णता नाहीशी करत नाही, बाहेर नेऊन टाकतो, वर स्वतःच्या मोटरच्या उष्णतेची त्यात भर घालतो. अरुंद गल्लीत ती समोरच्या खिडकीत शिरते. पांढरे केलेले छप्पर सूर्यप्रकाश बराचसा आल्या वाटेने परत पाठवते. दोन्ही घरे आतून सारखीच गार असतील, पण एकाच्या गारव्याचा ताप शेजारी भोगतो. धर्माचा प्रश्न असलाच तर तो इथे आहे. सुखासीन कोण आणि विरक्त कोण, ही चर्चा नंतर केली तरी चालेल.

आळवीच्या हत्थक नावाच्या गृहस्थाला हिमपाताच्या दिवसांत बुद्ध जनावरांच्या वाटेवर पानांच्या बिछान्यावर दिसला. झोप लागली का, असे हत्थकाने विचारले. चांगली लागली, असे उत्तर आले आणि उलट प्रश्नही: आतून-बाहेरून लिंपलेल्या, वारा न शिरणाऱ्या, कडी लावलेल्या घरात मऊ बिछान्यावर पडलेला गृहस्थ लोभाने किंवा द्वेषाने तळमळत असेल तर त्याला झोप येईल का? बुद्धाने त्या घराला नावे ठेवलेली नाहीत, हे लक्षात घ्यावे. लिंपलेली भिंत वारा अडवते. त्याहून जास्त काम त्याने तिच्याकडे मागितले नाही.

शिवाय पानांवर झोपणे त्याने स्वतः निवडले होते. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याने ऊन निवडलेले नसते. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छपरांचे धोरण आणले, त्यात सरकारी आणि व्यापारी इमारतींना सक्ती आहे, लहान घरांना ते ऐच्छिक आहे. पत्र्याच्या खोलीत बहुधा भाडेकरू राहतो, आणि छताला चुना लावण्याची इच्छा घरमालकाला व्हावी लागते.