झाकली मूठ

करंज्या तळून झाल्या की परातीतली एखादी उचलून कानाशी हलवून पाहण्याची माझी जुनी खोड आहे. आत सारण कमी पडले असेल तर ती खुळखुळते. अशा करंजीला आमच्या घरात ‘खुळखुळा’ म्हणतात आणि ती जिच्या हातची निघेल तिची पुढच्या दिवाळीपर्यंत थट्टा होते. बाहेरून पाहिले तर खुळखुळा आणि भरली करंजी यांत काही फरक नसतो. मुरड तीच, रंग तोच. चकली बिचारी जशी आहे तशी उघड्यावर असते. करंजीच्या पोटात काय आहे ते मात्र ती भरणारीलाच ठाऊक. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण करंजीवरूनच सुचली असावी, अशी शंका मला अनेकदा आली आहे.

यंदा मात्र ही म्हण मला फराळाच्या परातीपाशी नव्हे, तर मोटारीच्या एका उघड्या इंजिनापाशी आठवली. त्याचे असे झाले. माझ्या भाच्याने जुनी फियाट विकत घेतली. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून जी फियाट ११०० बनू लागली आणि पुढे जी पद्मिनी या नावाने मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली, त्या घराण्यातली ही गाडी. मुंबईच्या रस्त्यांवरून त्या घराण्यातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आमच्या भाच्याला मात्र ही गाडी निवृत्तीसाठी नको होती. शर्यतीसाठी हवी होती. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर एके काळी अशाच फियाट सुधारून शर्यतीत उतरवीत, हे त्याने कुठेतरी वाचले होते. मुळात चाळीसएक अश्वशक्तीचे हे इंजिन. त्याला नवे पिस्टन घालून, मिनिटाला सहा हजार फेऱ्या करायला लावून त्याच्याकडून तरुणपण वसूल करायचे, असा त्याचा बेत होता.

गाडी मिळाली ती बदलापुरातच. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदी फुगली आणि बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून पडली, तो पूर वाचकांना आठवत असेल. त्या पुरात ही गाडीही उभी होती. “पाणी सीटपर्यंतच आलं होतं,” असे विकणाऱ्याने सांगितले आणि आम्ही विश्वास ठेवला. मग इंजिन खोलण्यासाठी आम्ही ते स्टेशनाच्या पूर्वेला, खरवईला नेले. भातखाचरांचे हे गाव आता औद्योगिक वसाहतीच्या शेडांनी आणि उंच इमारतींनी वेढले आहे. तिथे एका पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री इंजिने बांधतात. मी तिथे स्टुलावर बसून चहा पिण्यापलीकडे काही केले नाही. पण त्या चार-पाच दिवसांत जे ऐकले, ते छत्तीस वर्षांच्या मास्तरकीत मी कुणाला शिकवू शकलो नव्हतो.

इंजिन उघडल्यावर मिस्त्रींनी चारही कनेक्टिंग रॉड काढून सपाट पाट्यावर मांडले. मला ते चारही सारखेच सरळ दिसले. त्यांनी माप लावले आणि तिसरा बाजूला काढला. “हा वाकलाय. पाणी आत असताना कुणीतरी स्टार्टर मारला.” हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो आणि खालचा पोलादी रॉड वाकतो. तो इतका थोडा वाकला होता की डोळ्याला कळत नव्हते. विकणाऱ्यालाही ते कळले नसेल, असे मी उदारपणे म्हणालो. मिस्त्री हसले आणि काही बोलले नाहीत.

मग पिस्टनांची निवड निघाली. पिस्टन दोन जातींचे. एक ओतीव, दुसरा घडीव. ओतीव पिस्टन साच्यात ओतलेला. तापल्यावर कमी फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये नेटका बसतो, आवाज करीत नाही आणि संसारी माणसासारखा वर्षानुवर्षे चालतो. पण अवेळी स्फोटाचे तडाखे बसू लागले तर तो एकदम फुटतो. घडीव पिस्टन प्रचंड दाबाखाली ठोकून घडवलेला. चिवट, मार खाणारा. तो तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून त्याच्याभोवती अधिक मोकळी जागा ठेवावी लागते आणि थंडीत इंजिन सुरू केले की तो थोडा वेळ खडखडतो. भाच्याने अर्थातच घडीव पिस्टन मागवून घडवून घेतले होते. लखलखीत चार पिस्टन! ते त्याने घरी सर्वांना दाखवले. आमच्या ताईने त्यांना हळदीकुंकूही लावले.

मिस्त्रींनी ते चारही तराजूत घातले. वजनांत काही ग्रॅमांचा फरक होता. सर्वांत हलका कोणता ते पाहून बाकीच्या तिघांच्या आतल्या अंगाने, ताकद जिथे लागत नाही अशा जागचे धातू कणाकणाने घासून त्यांनी चौघांना एका वजनावर आणले. त्यात सबंध दुपार गेली. इंजिन बंद झाल्यावर ही दुपार कुणालाही दिसणार नव्हती.

सिलिंडर मोठे करायला ब्लॉक उल्हासनगरला गेला. उल्हासनगर म्हटले की ‘मेड इन यू. एस. ए. म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा जुना विनोद आपल्या जिभेवर येतोच. तो मीही केला. मिस्त्री गंभीर झाले. “मास्तर, लेथवर हात धरून मला तिथल्याच एका सिंधी उस्तादानं शिकवलं,” ते म्हणाले. “खोक्यावर काय छापलंय ते बघू नये. माप बघावं.” मी ओशाळलो. फाळणीत घरदार गमावून आलेल्या माणसांनी कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत संसार मांडले. १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांच्या यंत्रांवर आज शेकडो इंजिनांचे सिलिंडर घासले जातात आणि आपण मात्र एका विनोदात त्या साऱ्यांचा निकाल लावतो. खोक्यावरचे नाव पाहून माल पारखणारे आपण, माणसेही तशीच पारखतो.

आणि मग आठ बोल्टांचा प्रश्न आला.

प्रत्येक कनेक्टिंग रॉडचा खालचा जबडा क्रँकवर आवळून धरायला दोन बोल्ट लागतात. चार रॉडचे आठ. पिस्टनांवर पैसे संपल्यामुळे भाच्याचे म्हणणे पडले की जुने बोल्ट चांगले दिसतात, तेच घालावेत. ते खरेच चांगले दिसत होते. मिस्त्रींनी मान हलवली आणि खडूने जमिनीवर हिशेब मांडला. या इंजिनात पिस्टन पंच्याहत्तर मिलिमीटर वरखाली धावतो. मिनिटाला सहा हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला शंभर. म्हणजे सेकंदात दोनशे वेळा पिस्टन थांबतो आणि उलट फिरतो. वरच्या टोकाला त्याला थांबवून मागे खेचताना जी ओढ बसते ती त्याच्या वजनाच्या दीड हजार पटींहून अधिक असते. पिस्टन तीनशे ग्रॅमचा धरला तरी साडेचारशे किलोंच्या वर ओढ, आणि ती झेलायची त्या दोन बोल्टांनी. फेऱ्या पाच हजारांवरून सहा हजारांवर नेल्या तर वेग एक पंचमांशाने वाढतो, पण ओढ जवळजवळ दीडपट होते. गंमत अशी की बोल्टाची खरी परीक्षा स्फोटाच्या वेळी होत नाही. स्फोट पिस्टनला खाली ढकलतो, तेव्हा बोल्ट निवांत असतात. परीक्षा होते ती जळका वायू बाहेर टाकणाऱ्या रिकाम्या फेरीत, जेव्हा वरून ढकलणारे कुणी नसते. “भारी पिस्टन घालून जोर वाढवलास,” मिस्त्री म्हणाले, “तो जोर कुठं जातो? पुढच्या कमजोर माणसाच्या डोक्यावर.”

“पण काका, आत कोण बघतंय?” भाचा हसत म्हणाला.

मिस्त्रींनी हात पुसले. थोडा वेळ थांबून ते जे बोलले ते मी त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. तरुणपणी त्यांनी एका मालाच्या गाडीचे इंजिन बांधले. बोल्ट जुनेच घातले आणि बिलात नवे लावले. काही महिन्यांनी घाटात रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. सुदैवाने कुणी दगावले नाही. मालक फुटके इंजिन घेऊन आला तेव्हा मिस्त्री म्हणाले, “ऑइल कमी होतं.” ऑइल कमी पडल्यानेही नेमके असेच होते, त्यामुळे मालकाला ते पटले. त्याने ऑइल न पाहिल्याबद्दल ड्रायव्हरला कामावरून काढले. “तो माझ्यासमोर शपथ घेत होता, की रोज सकाळी काडी बघतो म्हणून. मी मान खाली घालून पाने मोजत होतो.” पुढे त्यांनी त्या ड्रायव्हरचा खूप शोध घेतला. तो सापडला नाही.

शेडमध्ये कुणीच काही बोलले नाही. मला मात्र एक फार जुनी रात्र आठवली. शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सकाळी पोचता करायचा होता. शेवटच्या पंचवीसएक पत्रिकांची मी पहिली दोन पाने वाचली, अक्षर पाहिले, मुलाची ‘पायरी’ ठरवली आणि त्या पायरीप्रमाणे गुण मांडत गेलो. बेरजा बिनचूक होत्या. कुणी विचारले नाही. कुणी विचारणारही नव्हते. त्या पंचवीस मुलांपैकी एखाद्याचे पाचव्या पानावरचे उत्तर उत्तम असेल. त्याच्या घरच्यांनी त्यालाच बोल लावले असतील. माझा ड्रायव्हर मला कधी दिसलाच नाही, एवढाच काय तो मिस्त्रींच्या आणि माझ्या गोष्टीत फरक.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये गायगीझच्या अंगठीची कथा आहे. ती फिरवली की घालणारा अदृश्य होतो. अशी अंगठी मिळाल्यावर कोणता माणूस न्यायाने वागेल, असा तिथे प्रश्न आहे. आपल्याला वाटते, अशी अंगठी कुणाला मिळते! खरे तर ती आपणा सर्वांना मिळालेली असते. मिस्त्री इंजिन बंद करतो, परीक्षक गठ्ठा बांधतो, गवंडी पाया बुजवतो, सुगरण करंजीला मुरड घालते. त्या क्षणी प्रत्येकाच्या बोटात ती अंगठी असते.

यावर सोपे उत्तर असे की लबाडी शेवटी उघडी पडतेच. हे उत्तर सोयीचे आहे, पण खरे नाही. जुने बोल्ट पुष्कळदा टिकतातही. माझी लबाडी तर कधीच उघडी पडली नाही. मग मिस्त्रींचा बोल्ट टिकला असता तर त्यांचे काही चुकले नसते काय? मला वाटते, चूक रॉड तुटला त्या दिवशी झालीच नाही. ती बोल्ट आवळला त्या दिवशी झाली. धोका पत्करणे हा माणसाचा हक्क आहे. पण दुसऱ्याच्या नावावर, त्याला न विचारता, धोका लिहून ठेवणे ही चोरी आहे. तो धोका फळला नाही म्हणून चोरी फिटत नाही.

भाच्याने हाच धागा पकडला. “मग गाडी माझी, जीव माझा. मी पत्करतो की धोका!” क्षणभर मलाही ते बिनतोड वाटले. मिस्त्री म्हणाले, “रॉड तुटला की ऑइल रस्त्यावर सांडतं. मागून येणाऱ्याचं चाक त्याच्यावरून जातं. त्याला विचारलंस का?”

आणखी एक गोष्ट मला त्या शेडमध्ये उमगली. नवे बोल्ट आणले तरी मिस्त्री त्यांचे माप घेऊ शकतात. पोलादाच्या पोटात काय आहे हे त्यांनाही दिसत नाही. तिथे त्यांनाही कुठल्याशा भट्टीवरच्या, कधी न भेटणाऱ्या कामगारावर विश्वास ठेवावा लागतो. मोजता येईल तेवढे मोजावे; पुढे मात्र परक्याच्या सचोटीवरच जगावे लागते. आपण झोपतो ते छप्पर, घेतो ते औषध, बसतो ती आगगाडी, सगळे कुणाच्या तरी झाकल्या मुठीत असते. अंबरनाथचे शिवालय १०६० सालापासून उभे आहे. आपण भिंतींवरच्या मूर्ती पाहून थक्क होतो. पायातल्या दगडांची कुणी चौकशी करीत नाही. त्यांच्यावर मात्र नऊशे वर्षांहून अधिक काळ सारा भार आहे. इतका विश्वास इतरांवर टाकून जगणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुठीपुरती सवलत कशी मागता येईल?

भाच्याने शेवटी घडीव पिस्टन कपाटात ठेवले. पुढच्या वर्षी पैसे जमले की नवे रॉड आणि बोल्टांसकट एकदमच घालायचे असे ठरले. वजन सारखे करण्यात गेलेली ती दुपार वाया गेली म्हणून तो हळहळला, “वजन कुठं पळून जातंय?” एवढेच मिस्त्री म्हणाले. आत्ता गाडीत साधे ओतीव पिस्टन, वाकलेल्याच्या जागी तपासून घेतलेला सरळ रॉड आणि आठ नवे बोल्ट आहेत; पाच हजार फेऱ्यांच्या वर जायचे नाही, अशी ताकीद आहे. शर्यत हुकली. मिस्त्रींनी जुने आठ बोल्ट एका पिशवीत बांधून त्याच्या हाती दिले. काढलेला प्रत्येक भाग गिऱ्हाइकाला परत देण्याचा नेम ते आता कधी मोडत नाहीत.

वसुबारसेला गाडी आमच्या दारात आली. इंजिन शांत चालत होते. आत काय आहे ते कुणी विचारले नाही. शेजाऱ्यांनी रंगाची तेवढी तारीफ केली. मी घरात गेलो, परातीतली एक करंजी उचलली आणि सवयीने कानापाशी नेली. मग तशीच, न हलवता, खाल्ली.