आपली ऑडिशन

फेब्रुवारीतला शनिवार, सकाळचे सव्वादहा. न्यू जर्सीहून सहा तासांवरच्या एका म्युझिक स्कूलच्या कॉरिडॉरमध्ये मी, माझी ताई आणि तिचा 17 वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून बसलो होतो. आजूबाजूला आमच्यासारखीच माणसं. थर्मास, केळी, ओले बूट आणि प्रत्येक कुटुंबाबरोबर एक पेटी, कुणाची खांद्याएवढी तर कुणाची माणसाएवढी. भाचा डोळे मिटून डाव्या हाताची बोटं मांडीवर चालवत होता. त्याची पेटी माणसाएवढी, चेलोची. तेवढ्यात भावोजींचा फोन आला. ताई हळू आवाजात म्हणाली, "नाही, अजून नाही. आपली ऑडिशन 10:40 ला आहे."

भाचा डोळे न उघडता म्हणाला, "आई, माझी आहे. आपली नाही."

आम्ही दोघी हसलो. पण परतीच्या वाटेवर, बाहेर बर्फ भुरभुरत असताना, ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

इंग्रजीला जे एका 'वुई'त भागवावं लागतं, त्यासाठी मराठीत दोन शब्द आहेत. 'आम्ही'त समोरचा माणूस नसतो, 'आपण'मध्ये असतो. आणि लहान मुलांशी बोलताना आपण एक तिसराच 'आपण' वापरतो. "चला, आता आपण दूध पिऊ या." दूध फक्त मूलच पिणार असतं. "आपण इंजेक्शन घेतलं, आपण नाही रडलो." या 'आपण'मध्ये माया आहे, धीर आहे. पण तो सोडायचा कधी, हे कुणी सांगत नाही. 17 वर्षांच्या मुलासाठी तो वापरला, तर त्यातली माया किती आणि मालकी किती?

हे सगळं प्रकरण कसं चालतं, ते ज्यांच्या घरी अजून आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंजिनिअरिंगचा अर्ज घरात बसून पूर्ण होतो. संगीताचा होत नाही. आधी शिक्षक शोधायचे, कारण शाळेच्या नावापेक्षा तुम्ही कुणाच्या हाताखाली शिकणार याला महत्त्व असतं. हे तरी आपल्याला नवीन नाही. मग नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये प्री-स्क्रीनिंगची रेकॉर्डिंग. त्यातून निवडलं गेलं तर जानेवारी ते मार्चमध्ये प्रत्यक्ष जाऊन वाजवायचं. चेलोवाल्याने साधारणपणे बाखच्या सुइटमधला एखादा भाग, एका कॉन्चेर्टोचा भाग आणि बहुधा पॉपरचा एखादा एट्यूड तयार ठेवायचा. खोलीत दहा-पंधरा मिनिटं मिळतात. परीक्षक मध्येच थांबवतात, पुढचं वाजवायला सांगतात, आणि थांबवणं चांगलं की वाईट हे कुणालाच कळत नाही. विमानाने जायचं तर चेलोसाठी वेगळं तिकीट. एप्रिलच्या सुमारास उत्तरं, 1 मेपर्यंत निर्णय.

आणखी एक गोष्ट मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हती. एका शिक्षकाकडे एका वर्षी किती नवे विद्यार्थी येऊ शकतात, हे त्याचे किती विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले यावरही ठरतं. फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये 1928पासून कुणाकडूनच शिकवणी-शुल्क घेत नाहीत, पण तिथे विद्यार्थीच मोजके असतात. तिथे एखाद्या वाद्याच्या रिकाम्या जागा एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच असू शकतात. म्हणजे नकार आला, तर तो प्रत्येक वेळी तुमच्या वाजवण्याबद्दलच असतो असं नाही. मुलांना हे पटत नाही. आईवडिलांना त्याहून पटत नाही.

आता मुद्द्याकडे येते. ताईने मला या प्रवासाला नेलं, ते गाडी चालवायला दुसरं माणूस हवं म्हणून. निदान मला तसं सांगितलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी भांडी आवरताना ती म्हणाली, "तूच सांग त्याला. आमचं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. तू भोगते आहेस ना."

मी जीवशास्त्रात पोस्टडॉक आहे. पाचवं वर्ष, दुसरं विद्यापीठ, एकेका वर्षाचं कंत्राट. एका प्राध्यापकपदासाठी शेकड्याने अर्ज येतात, त्यात माझे किती गेले ते मी आता मोजत नाही. ताईला माझ्याकडून सल्ला नको होता. तिला मी उदाहरण म्हणून हवी होते. "बघ, आवडीच्या मागे गेलं की काय होतं." मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. कारण तिची भीती खोटी नव्हती.

मग तुम्हीच सांगा, अशा वेळी आधार देणं म्हणजे नेमकं काय?

एक उत्तर असं, की मुलाचं भविष्य खुलं ठेवावं. जोएल फाइनबर्ग या अमेरिकन तत्त्वज्ञाने 1980मध्ये नेमका हा विचार मांडला. त्यामागे 1972चा एक खटला होता. विस्कॉन्सिनमधल्या आमिश पालकांना मुलांची शाळा आठवीनंतर बंद करायची होती आणि सुप्रीम कोर्टाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. फाइनबर्गचं म्हणणं असं, की मुलाचे काही हक्क ते मोठं होईपर्यंत विश्वस्तासारखे जपून ठेवायचे असतात. मूल निवडण्याजोगं होण्याआधीच पालकांनी दारं बंद करू नयेत. ताईला हे वाचून दाखवलं तर ती म्हणेल, "हेच तर मी म्हणते! कंप्यूटर सायन्स घे, चेलो आहेच की."

पण फाइनबर्गचा विश्वस्त ठेव जपतो कशासाठी? ती एक दिवस मालकाच्या हातात देण्यासाठी. मालक दारात उभा राहिल्यावरही "अजून थोडे दिवस माझ्याकडेच असू दे" म्हणणारा विश्वस्त उरत नाही. शिवाय सगळी दारं कायम उघडी ठेवायची, तर कुठल्याच दारातून आत जाता येत नाही. चेलोसारखं वाद्य रोज चार-चार तास मागतं. ते तास दुसरीकडून कापूनच येतात.

आणि हे दार उघडलं कुणी? चौथीत शाळेने वाद्य निवडायला सांगितलं, तेव्हा ताईनेच चेलो भाड्याने आणला. शनिवारचे क्लास, उन्हाळ्याची शिबिरं, युथ ऑर्केस्ट्रा, सगळीकडे तीच घेऊन गेली. कौतुकाने, आणि थोडं हिशेबानेही. खरं बोलू या. आपल्यापैकी कित्येक घरांत वाद्य येतं ते कॉलेजच्या अर्जावर शोभून दिसेल म्हणून. गणित, रोबोटिक्स आणि व्हायोलिन. मुलाने वाद्य चांगलं वाजवावं, पण त्याला गंभीरपणे घेऊ नये, अशी आपली अपेक्षा असते. त्याने ते गंभीरपणे घेतलं, की आपण दचकतो. आठ वर्षं आपण ज्याला साधन समजत होतो, ते त्याच्यासाठी साध्य झालेलं असतं. यात मुलाने कुठे फसवलं?

आपल्याकडे गाण्यासाठी घर सोडणाऱ्या मुलाची गोष्ट किती अभिमानाने सांगतात! भीमसेन जोशी 1933मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घरातून निघून गेले, हे मराठी घरांत मुलांना माहीत असतं. पण ती गोष्ट आपल्यापर्यंत पोचली, कारण तो मुलगा भीमसेन झाला. जे निघून गेले आणि कुणीच झाले नाहीत, त्यांची गोष्ट कोण सांगणार? आमच्याकडे मूल घरातून निघून जातं, तेसुद्धा आईच्या गाडीत बसून, हॉटेलचं बुकिंग करून, डब्यात थालीपीठ घेऊन. म्हणून धोका कमी होत नाही. फक्त जबाबदारी वाटली जाते.

म्हणून दुसरं उत्तर, की खरं काय ते सांगून टाकावं. हे मला मान्य आहे. मला पीएचडीला घेताना माझ्या मार्गदर्शकांनी नोकऱ्यांची परिस्थिती स्पष्ट सांगितली होती. मी ऐकलं, घाबरले, तरीही आले. आज माझी अवस्था बिकट आहे, पण माझी फसवणूक झाली असं मला वाटत नाही. त्यांनी ते लपवलं असतं, तर वाटलं असतं. तसंच, त्यांनी ते दर आठवड्याला ऐकवलं असतं, तर मी एक तर पळून गेले असते किंवा त्यांना खोटं ठरवायला राबत बसले असते. खरं एकदा, पूर्ण, आकड्यांसकट सांगितलं तर ती माहिती असते. तेच दहाव्यांदा सांगताना आपण माहिती देत नसतो, वाकवत असतो.

त्या आकड्यांत पैसेही आले. ते फार कमी घरांत बोलले जातात. "आम्ही वर्षाला एवढेच देऊ शकतो, यापुढचं कर्ज आम्ही काढणार नाही" हे वाक्य अर्ज करण्याआधी म्हटलं तर ती मर्यादा असते. एप्रिलमध्ये होकार आल्यावर म्हटलं तर तो विश्वासघात होतो. आपलं म्हातारपण गहाण टाकून मुलाचं स्वप्न पुरवलंच पाहिजे, असं कुठलंही नीतिशास्त्र सांगत नाही. पण खरी अडचण पैशाची असताना "तुझ्या भल्यासाठीच सांगतेय" म्हणणं हे खोटं बोलणं आहे.

उरतो तो पस्तावा. "नंतर पस्तावशील." एल. ए. पॉल या तत्त्वज्ञ बाईंनी 2014मध्ये 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह एक्स्पीरियन्स' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांचा मुद्दा असा, की काही निर्णय आपल्यालाच बदलून टाकतात. मूल होऊ देणं, हे त्यांचं एक उदाहरण. आई झाल्यावर कसं वाटेल, हे आई झाल्याशिवाय कळत नाही. आणि कळतं तेव्हा निर्णय घेणारी ती बाई उरलेली नसते. ताई सांगलीहून दोन बॅगा घेऊन इथे आली, तेव्हा आमचे बाबा म्हणाले होते, "इथे काय कमी आहे? पस्तावशील." पस्तावली का? विचारलं तर ती म्हणते, "रोज थोडी, आणि अजिबात नाही." पस्ताव्याची भविष्यवाणी करण्याइतकं कुणालाच दिसत नसतं. "तू नक्की मोठा होशील" म्हणणाऱ्यालाही तेवढंच दिसतं.

मग काय उरतं? तुम्ही म्हणाल, 'आपण' सोडायचा म्हणजे अमेरिकन लोकांसारखं अठरा वर्षं झाली की तुझं तू बघ म्हणायचं का? नाही. आपल्या संगीतातच त्यासाठी चांगला शब्द आहे, साथ. तबलजी गात नाही. कोणता राग घ्यायचा, हे तो ठरवत नाही. पण ठेका धरून बसतो. मैफलीत कधी सांभाळूनही घेतो, पण रियाजाला सम जिथे असते तिथेच दाखवतो. गाणाऱ्याला बरं वाटावं म्हणून सरकवत नाही. गाडी, डबा, हॉटेल, पैशाचा खरा आकडा, एकदा सांगितलेली खरी परिस्थिती, यातलं सगळं 'आपलं' असू शकतं. इच्छा तेवढी त्याची. आणि नकार आला तर तोही त्याचाच असतो. आपण आधी रडून तो त्याच्याकडून काढून घ्यायचा नसतो.

ऑडिशनच्या आदल्या रात्री हॉटेलमध्ये ताई झोपल्यावर त्याने मला विचारलं, "मावशी, आईने तुला माझ्याशी बोलायला सांगितलंय ना?" मी हो म्हणाले. मग माझा पगार, माझं कंत्राट, घरभाडं, गेल्या वर्षी आलेले नकार, सगळं सांगितलं. एखादा प्रयोग पहाटे तीनला जमतो तेव्हा काय वाटतं, तेही सांगितलं. कारण तेही खरंच आहे. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ओके." आणि खोली लहान म्हणून बाथरूममध्ये जाऊन, धनुकली न लावता, नुसत्या बोटांनी बाख वाजवत बसला.

10:40 ला दार बंद झालं. जाड दार होतं, आतलं काही ऐकू येत नव्हतं. ताई त्याची पाण्याची बाटली धरून उभी होती.

आता एप्रिल आहे. चार ठिकाणांपैकी दोन नकार, एक प्रतीक्षायादी, एक अर्ध्या शिष्यवृत्तीसह होकार. शिवाय राज्य विद्यापीठात कंप्यूटर सायन्सला प्रवेश आहेच. 1 मेला अजून काही दिवस आहेत. तो काय ठरवेल मला ठाऊक नाही, आणि यावेळी मी विचारलेलं नाही. ताईचा काल फोन आला होता. ती त्याच्या उत्तराबद्दल काही बोलली नाही. चेलोला नवीन तारा घ्यायच्या आहेत, मागच्या वेळी घेतल्या त्या कुठल्या, एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, त्यालाच विचार.