वरचे आणि शेजारचे

"स्थानिक पोलिसांच्या हातून फाइल काढून घ्या, सीबीआयकडे वर्ग करा, महिन्यात छडा लागतो की नाही बघा," असं आमचे शेजारी म्हणाले आणि माझा सकाळचा चहा बिघडला. कोणत्या खुनाबद्दल बोलत होते ते सोडा. न उलगडलेला एखादा खून पेपरात असतोच आणि त्यांचा उपायही ठरलेला असतो. ते बँकेतून निवृत्त झाले. खाती एका शाखेतून दुसऱ्या शाखेत वर्ग करण्यात उभी हयात गेली. खातं गेलं की शिल्लकही जाते, हे इतकं अंगवळणी पडलंय की तपासाचंही तसंच असणार असं ते धरून चालतात.

तपासात जाते ती फाइल. शिल्लक मागेच राहते. कोणत्या टपरीवाल्याला कुणी विचारलं, कोण बोलता बोलता थांबला, कोणत्या हवालदाराला काय खटकलं आणि त्यानं ते डायरीत का नाही लिहिलं, यातलं काहीही वर्ग होत नाही. आणि बाहेरचा येतो तो नेहमी उशिरानं. खुनाचे पहिले दोन दिवस किती मोलाचे असतात हे मालिका पाहणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, त्यात मी वेळ घालवत नाही.

थोडं विषयांतर करतो, कारण ही गोष्ट मला फार आवडते. १८६० साली इंग्लंडमधल्या विल्टशरमध्ये रोड नावाच्या गावी एका सुखवस्तू घरातल्या चार वर्षांच्याही न झालेल्या मुलाचा गळा चिरलेला सापडला. स्थानिक पोलिसांनी दोन आठवडे घातले, मग लंडनहून स्कॉटलंड यार्डचा जोनाथन व्हिचर आला. त्याच्या काळातला नावाजलेला गुप्त पोलिस. त्यानं मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर, कॉन्स्टन्स केंटवर बोट ठेवलं. पण घरातल्या चुलीत रक्ताचे डाग पडलेलं एक वस्त्र स्थानिक पोलिसांना तो येण्याआधीच सापडलं होतं, आणि त्यांनी ते त्याला सांगितलंच नव्हतं! पुराव्याअभावी मुलगी सुटली. खालच्या घरातून आलेला एक शिपाईगडी बड्या घरच्या लेकीवर आळ घेतो म्हणून व्हिचरवर देशभर टीकेची झोड उठली. पाच वर्षांनी, १८६५ मध्ये, कॉन्स्टन्सनं स्वतः गुन्हा कबूल केला. तोवर व्हिचरची नोकरी संपली होती. बाहेरचा माणूस हुशार होता, बरोबरही होता, आणि तरी त्याचा काही उपयोग झाला नाही.

हे सगळं मी शेजाऱ्यांना ऐकवलं. ते म्हणाले, "ते इंग्लंडचं झालं. इथे स्थानिक पोलिसांवर दबाव असतो. बाहेरचा माणूस तटस्थ असतो." दबावाचं त्यांचं म्हणणं मी खोडू शकत नाही, खोडायचंही नाही. पण तटस्थ माणूस आणि तिऱ्हाईत माणूस यांत फरक आहे. तटस्थाला दोन्ही बाजू माहीत असतात, तरी तो झुकत नाही. तिऱ्हाईत झुकत नाही, कारण त्याला काहीच माहीत नसतं. आपण मागतो तटस्थ आणि पुष्कळदा आपल्या पदरात पडतो तिऱ्हाईत.

इथे इंग्लंड सोडून पुण्यात यायलाच हवं. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. नऊ महिने पुणे पोलिस, मे २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं सीबीआय. बंदुकीच्या गोळ्यांविषयीच्या अहवालांचा मेळ बसेना तेव्हा थेट स्कॉटलंड यार्डची मदत घ्यायचं ठरलं. त्याची वाट पाहण्यात बरेच महिने गेले आणि अखेर ते जमलं नाही. (पोलिसांनी प्लँचेट करून पाहिल्याचा आरोपही एका साप्ताहिकानं केला होता. तेव्हाच्या पोलिस आयुक्तांनी तो साफ नाकारला. पण अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाच्या खुनाभोवती असा आरोप फिरावा, हेच पुरेसं आहे.) २०१६ मध्ये सीबीआयनं आरोपपत्र दाखल केलं, त्यात गोळ्या झाडणारे म्हणून दोघांची नावं होती. दोन वर्षांनी त्याच सीबीआयनं वेगळ्याच दोघांना धरलं. १० मे २०२४ ला पुण्याच्या विशेष न्यायालयानं जन्मठेप दिली ती या दुसऱ्या दोघांना. त्यांना न्यायालयात ओळखणाऱ्या साक्षीदारांत होता पुणे महापालिकेचा सफाई कामगार. दिल्लीहून नव्हे, लंडनहून तर नव्हेच, त्या सकाळी त्या पुलावर कामाला आलेला माणूस.

इथवर मी खुशीत होतो. स्थानिक तो स्थानिकच, हे सिद्ध करून चहाचा दुसरा कप घ्यायचा माझा बेत होता. पण मग प्रश्न पडला: सफाई कामगारानं ओळखायला ते दोघे समोर आले कसे?

त्याचं उत्तर माझ्या बाजूचं नाही. दाभोलकरांनंतर तशाच आणखी तीन हत्या झाल्या: फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, ऑगस्टमध्ये धारवाडला प्रा. कलबुर्गींवर, सप्टेंबर २०१७ मध्ये बेंगळुरूत गौरी लंकेश यांच्यावर. पुण्याचा तपास सीबीआयकडे, कोल्हापूरचा राज्य सीआयडीच्या विशेष पथकाकडे, धारवाडचा कर्नाटक सीआयडीकडे. चार खून आणि जो तो आपापल्या टेबलावर. मग गौरी लंकेश प्रकरणातल्या कर्नाटकच्या विशेष पथकानं २०१८ मध्ये धरपकड केली, टोपणनावांनी भरलेल्या डायऱ्या हाती लागल्या. कलबुर्गी आणि लंकेश यांच्यावर एकाच पिस्तुलानं गोळ्या झाडल्याचं तिथल्या न्यायवैद्यक तपासणीत दिसलं. तिथून निघालेला धागा ऑगस्टमध्ये महाराष्ट्र एटीएसला नालासोपाऱ्याच्या शस्त्रसाठ्यापर्यंत घेऊन गेला आणि तिथून सीबीआय पुण्याच्या पुलावर परतली, पाच वर्षांनी.

म्हणजे मदत बाहेरूनच आली. फक्त ती वरून आली नाही, शेजारून आली. बाहेरचा म्हणताना आपण मनात कायम वरचा धरतो: जिल्ह्यासाठी मुंबई, मुंबईसाठी दिल्ली, दिल्लीचंही जमलं नाही तर लंडन. शेजारच्याकडे तो विचार जातच नाही. कोल्हापूर आणि धारवाड यांत जेमतेम दोनशे किलोमीटर अंतर. बेळगाववरून दोन्ही राज्यं सर्वोच्च न्यायालयात भांडतात, पण संशयित आणि हत्यारं यांना ती सीमा कधी आडवी आली नाही. वरच्याकडे अधिकार असतो. शेजारच्याकडे त्याच चोराच्या घरफोडीची दुसरी फिर्याद असते. शिल्लक आपल्या शाखेत नव्हतीच, ती पलीकडच्या शाखेत जमा होत होती.

आणि तरी सगळी हाती आलेली नाही. खरे सूत्रधार वेगळेच आहेत आणि त्यांच्यापर्यंत ना पुणे पोलिस पोचले ना सीबीआय, अशा आशयाचं निरीक्षण २०२४ च्या त्याच निकालात आहे.

शेजाऱ्यांना मी हेही सांगितलं, थोडं ओशाळत, कारण सुरुवात मी उलट बाजूनं केली होती. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुमचं पटतंय हो. पण वरच्याकडे मागताना काही वाटत नाही. त्याचं ते कामच असतं. शेजाऱ्याकडे हात पसरायचे म्हणजे जरा लाज वाटते."

गेल्या आठवड्यात हेच गृहस्थ वाटी घेऊन आमच्याकडे विरजण मागायला आले होते. पण ते मी बोललो नाही.