नमुना कोणाचा?

पैसे देऊन काय काय विकत घेता येते, हा प्रश्न वरवर पाहता बाजाराचा वाटतो. परंतु थोडा खोल विचार केल्यास तो नीतिशास्त्राचा आहे, असे दिसून येईल. गवंड्याकडून भिंत बांधून घेतली की भिंत आपली आणि मजुरी गवंड्याची, हा हिशेब सरळ आहे. पण जी वस्तू जगात अद्याप झालेलीच नाही, जिची केवळ कल्पना आपल्या मनात आहे आणि जिला आकार देण्याची विद्या आपल्यापाशी नाही, अशी वस्तू आपण दुसऱ्याकडून प्रथमच घडवून घेतो, तेव्हा हा सरळ हिशेब पुरा पडत नाही.

वाशीम येथील माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांचा तंटा याचे चांगले उदाहरण होईल. वाशीम जिल्ह्यात बंजारा समाजाची वस्ती मोठी असून त्या समाजाचे पोहरादेवी हे तीर्थक्षेत्र याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात आहे. तांड्यांतील स्त्रिया आरसे, कवड्या व रंगीत दोरा यांनी जे भरतकाम करतात, त्यातील चौकोन व त्रिकोण पाहून या गृहस्थांच्या मनात एक योजना आली. संगणकावर आकृती काढावी आणि कोणता टाका कोठे पडावा याचा तक्ता आपोआप तयार व्हावा, असे रेखाटनाचे साधन करावयाचे! स्वतःस प्रोग्रामिंग येत नसल्यामुळे त्यांनी एका तरुण प्रोग्रामरास तीन महिन्यांच्या करारावर नेमले. अर्धे पैसे आगाऊ, अर्धे नमुना चालल्यावर, असे ठरले.

तरुणाने नमुना केला. पण पडद्यावरचा चौकोन कापडावर उतरताच लांबट झाला. कारण उघड होते. कापडात उभे व आडवे धागे सारख्याच दाटीने विणलेले असतात, असे नाही. तेव्हा एका इंचात उभे धागे किती व आडवे किती, हे प्रत्येक कापडाविषयी आधी विचारून मगच आकृती आखली पाहिजे, म्हणजेच मूळ योजना बदलली पाहिजे, असे त्याने कळविले. गृहस्थ म्हणाले, "मी साधन मागितले, याने अडचण आणून दिली. उरलेले पैसे कशाबद्दल द्यावयाचे?" आणि लगेच पुढे असेही म्हणाले की, इंचाची ती युक्ती मात्र आता आपलीच, कारण कल्पना मूळची आपली.

ही दोन विधाने एकत्र नांदू शकत नाहीत. तरुणाने आणलेली गोष्ट निरुपयोगी असेल तर तिच्यावर हक्क सांगण्याचे कारण नाही. उपयोगी असेल तर तिचे मोल दिले पाहिजे. करारात 'चालल्यावर' हा शब्द होता, हे गृहस्थांचे म्हणणे खोटे नव्हे. तरुणाने आळस केला असता, तर पैसे अडविणे योग्यच ठरले असते. परंतु येथे अज्ञान दोघांचेही होते. किंबहुना कापडाची माहिती करून घेण्याचे कर्तव्य, ज्याची कल्पना, त्याचेच प्रथम होते. पहिला नमुना हा माल नसून प्रश्न असतो. 'असे होईल काय?' या प्रश्नास 'असे होणार नाही, तसे होईल' हेही पूर्ण उत्तरच आहे. तपासणीअंती रोग नाही असे सांगणाऱ्या वैद्याची फी आपण बुडवीत नाही.

मालकीविषयी कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या प्रोग्रामचा मालक, उलट करार नसेल तर, त्याचा धनी होय. पण स्वतंत्रपणे कंत्राट घेणाऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रामचा प्रथम मालक तो लिहिणाराच. लेखी हस्तांतर झाल्याखेरीज ती मालकी पैसे देणाऱ्याकडे जात नाही. गंमत अशी की, पैसे देऊन काढवून घेतलेल्या तसबिरीस हाच कायदा उलट नियम लावतो. शिवाय हस्तांतरानंतरही आपण कर्ते आहोत असे सांगण्याचा हक्क लिहिणाऱ्याकडे उरतोच. मात्र हा कायदा कल्पनेची मालकी कोणासच देत नाही, केवळ तिच्या मांडणीची देतो. इंचाची युक्ती त्याच्या दृष्टीने दोघांचीही नाही. तेथे कायदा थांबतो आणि नीतीचा प्रांत सुरू होतो.

असाच तंटा इंग्लंडात दोनशे वर्षांपूर्वी झाला. जोसेफ क्लेमेंट हा एका विणकराचा मुलगा. लंबवर्तुळ काढण्याच्या यंत्राबद्दल १८१८ साली त्यास सोसायटी ऑफ आर्ट्सचे सुवर्णपदक मिळाले होते. चार्ल्स बॅबेज याने आपले गणितयंत्र घडविण्यास त्यालाच नेमले. पैसा सरकारचा, कल्पना बॅबेजची, हात क्लेमेंटचे. त्या यंत्राचे सूक्ष्म भाग करण्यास हत्यारेही नवी घडवावी लागली. आणि अशी हत्यारे कारागिराचीच, हा त्या धंद्याचा रिवाज होता. पुढे हिशेबावरून बेबनाव होऊन १८३३ साली काम थांबले. आराखडे सरकारकडे गेले, हत्यारे क्लेमेंटकडे राहिली. सतरा हजारांहून अधिक पौंड खर्चूनही यंत्र पुरे झाले नाही. परंतु तो पैसा वाया गेला, असे म्हणवत नाही. ज्याने पुढे स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण ठरविले, तो जोसेफ व्हिटवर्थ काही काळ क्लेमेंटच्याच कारखान्यात काम करीत होता. अपुऱ्या यंत्रासाठी कमावलेली सूक्ष्मता अशी माणसांच्या हाती उतरते. ती मजुरीच्या पावतीवर लिहिता येत नाही आणि मालकासही तिच्यावर हक्क सांगता येत नाही.

यावरून एवढे स्पष्ट व्हावे की, 'कल्पना माझी, हात त्याचे' ही वाटणीच चुकीची आहे. नवीन वस्तूची कल्पना मनात अर्धीच असते. तिचा उरलेला अर्धा भाग घडविणाऱ्याच्या हाती, साहित्याशी झगडताना सिद्ध होतो. आणि जो अर्धा भाग आपण आपला म्हणतो, तो तरी सर्वस्वी आपला असतो काय? त्या गृहस्थांच्या आकृत्या तांड्यातील स्त्रियांच्या बोटांतून आलेल्या होत्या. गृहस्थांपाशी करारपत्र होते, तरुणापाशी कायदा होता. त्या स्त्रियांच्या वतीने बोलणारे त्या भांडणात कोणीच नव्हते.

वाशीम म्हणजे वाकाटकांचे प्राचीन वत्सगुल्म. त्या शाखेचा राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले; त्याचे नाव तेथील शिलालेखात आजही वाचता येते. भिंतीवर चित्रे काढणाऱ्यांचे नाव त्यात नाही. उलट मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी यांच्याबरोबरच, त्यांच्यासाठी देवनागरी खिळे घडविणारे राणोजी रावजी आरू यांचेही नाव मुद्रणाच्या इतिहासात राहिले. तेव्हा घडविणाऱ्याचे नाव राखणे अशक्य आहे, असे मुळीच नाही.

तात्पर्य, पैसे देणाऱ्याने घडलेली वस्तू अवश्य न्यावी, तिचा व्यापारही करावा. मात्र 'नाही' या उत्तराचीही पुरी मजुरी द्यावी, घडविणाऱ्यास त्याची विद्या बरोबर नेऊ द्यावी, आणि वस्तूवर नाव घालताना आपल्या नावाशेजारी इतरांस जागा ठेवावी. त्या गृहस्थांच्या साधनावर अशी तीन नावे लागतील. तिसरे नाव कोणत्या तांड्याचे, हे शोधण्यास त्यांस पोहरादेवीच्या पलीकडे फार दूर जावे लागणार नाही.