कांठावरचा वस्ताद

आठ वल्ह्यांची शर्यत हा एक चमत्कारिक खेळ आहे. खेळणाऱ्यांस आपण कोठें चाललों हेंच त्यांत दिसत नाहीं. अरुंद, लांबट नावेंत आठ तरुण एकामागें एक बसतात. त्यांची पाठ शर्यतीच्या शेवटाकडे आणि तोंड मागें सुटलेल्या पाण्याकडे असतें. पुढें पाहणारा काय तो सुकाणूवाला, आणि तो वल्हें मारीत नाहीं. कांठावरून किंवा दुसऱ्या नावेंतून कर्णा लावून ओरडणारा शिक्षक तर त्या नावेंतहि नसतो. ज्यांचे हात चालतात त्यांस दिसत नाहीं, आणि ज्यांस दिसतें त्यांस हात चालवावे लागत नाहींत. अशा व्यवस्थेंत शिक्षकाचा अधिकार कोठपर्यंत, हा प्रश्न केवळ खेळाचा आहे असें मला वाटत नाहीं.

यवतमाळकरानें या विषयावर लिहावें याचें कोणास हसूं येईल. आमच्या जिल्ह्याच्या कडेनें वर्धा वाहते, पैनगंगा वाहते. पण उन्हाळ्यांत त्यांच्या पात्रांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक. तरी वस्ताद हा प्राणी आम्हांस अनोळखी नाहीं. शेजारच्या अमरावतींत वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं हनुमान आखाडा काढला; त्याचेंच पुढें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें. या मंडळाचें एक पथक १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून आलें, ही गोष्ट वऱ्हाडांत अजून अभिमानानें सांगितली जाते. त्याच बर्लिनजवळ, ग्र्यूनाउच्या पाण्यावर, त्याच ऑगस्टांत आठ वल्ह्यांची जी शर्यत झाली तिच्याकडे मात्र आमचें फारसें लक्ष गेलें नाहीं.

ती शर्यत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मुलांनीं जिंकली. इटलीची नाव अवघी सहा दशांश सेकंद मागें राहिली आणि जर्मनांची तिसरी आली. मुलें बहुतेक कष्टकरी घरांतलीं, मंदीच्या दिवसांत मिळेल तें काम करून शिकणारीं. त्यांचा मुख्य शिक्षक अल उल्ब्रिक्सन मितभाषी होता. ऑलिंपिकची नाव ठरण्यापूर्वीं त्यानें मुलांची किती वेळां अदलाबदल केली! आज पहिल्या नावेंत असलेला उद्यां दुसऱ्या नावेंत. कारण विचारण्याची सोय नाहीं. जो रँट्झ या मुलाचें असेंच झालें. लहानपणीं घरच्यांनीं मागें टाकलेला हा मुलगा. त्याला नावेंतून उतरविणें म्हणजे जुन्या जखमेवर बोट ठेवणें होतें. उल्ब्रिक्सनला त्याची ताकद दिसत होती, पण त्याच्याशीं बोलावें कसें हें साधत नव्हतें. त्यानें तें काम जॉर्ज पोकॉकवर सोंपविलें.

हा पोकॉक मूळचा इंग्लंडांतला, नावा बांधणाऱ्याच्या घरांतला. विद्यापीठाच्या नौकागृहांत माळ्यावर त्याचें लांकूडकाम चाले. कोण नावेंत बसावा हें ठरविण्याचा अधिकार त्याला मुळींच नव्हता. मुलगा त्याच्यापाशीं गेला, देवदाराच्या फळ्या पाहूं लागला, आणि हळूहळू बोलता झाला. मला या साऱ्या हकीकतींत सुवर्णपदकापेक्षां हा माळा महत्त्वाचा वाटतो.

कारण प्रश्नाचें मूळ येथें आहे. आठांची नाव चालते तेव्हां कोणाच्या जोरानें चालली हें बाहेरून सांगतां येत नाहीं. म्हणून शिक्षकांनीं एक युक्ति काढली आहे. दोन नावांची शर्यत लावावयाची. मग दोन्हींतला एक एक गडी अदलून पुन्हां शर्यत लावावयाची. अंतरांत जो फरक पडला तो त्या दोघांचा. हें माप पुष्कळसें निःपक्षपाती आहे. त्याला नात्यागोत्याचा वास नाहीं, शिफारशीची गरज नाहीं. पण माप निःपक्षपाती असलें म्हणजे मापणाऱ्याची जबाबदारी संपली काय? घड्याळानें तुला काढलें, मीं नाहीं, असें म्हणणारा शिक्षक खोटें बोलत नसेल. पण तो घड्याळाच्या आड लपत असतो. कोणत्या दिवशीं, कोणत्या वाऱ्यांत, कोणाच्या बदली कोण, हें घड्याळानें ठरविलेलें नसतें.

उलट बाजूचें उदाहरणहि आहे. १९८७ सालीं ऑक्सफर्डच्या नावेंत मोठें बंड झालें. कांहीं अमेरिकन खेळाडूंचें म्हणणें, जो अधिक बलवान त्याला जागा द्या, अध्यक्ष म्हणून कोणास राखूं नका. शिक्षक डॅनियल टोपोल्स्की विद्यार्थी-अध्यक्षाच्या बाजूस उभा राहिला. अमेरिकन निघून गेले, राहिलेल्यांची नाव बांधली, आणि तीच चार नावांच्या अंतरानें केंब्रिजच्या पुढें आली. जिंकल्यामुळें टोपोल्स्की शहाणा ठरला. हरला असता तर? त्याच निर्णयास पक्षपात म्हटलें गेलें असतें. निकालावरून निर्णयाची नीति ठरविण्याची ही खोड आपल्याकडेहि कमी नाहीं.

आपल्याकडे तर एक गंमतच आहे. उत्तम शिक्षकास सरकार १९८५ पासून जें पारितोषिक देतें त्यास द्रोणाचार्यांचें नांव आहे. लाडक्या शिष्याचें श्रेष्ठत्व टिकावें म्हणून दुसऱ्या मुलाचा अंगठा मागणारा हाच तो गुरु! नांव ठेवणारांच्या मनांत अर्जुन असणार हें उघड आहे. पण नावेंतून उतरविलेल्या मुलास एकलव्यच आठवणार.

महाराष्ट्रांत या खेळाचीं दोन निराळीं वळणें एकाच शहरांत दिसतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचें नौकामंडळ १९२८ पासूनचें. मुळा-मुठेच्या संगमाजवळचें हें मंडळ विद्यार्थीच चालवितात. मंडळांत मुरलेला थोरला विद्यार्थी धाकट्यास हात धरून शिकवितो. शिक्षक आणि शिष्य यांत दोन वर्षांचें अंतर; तेव्हां अधिकार फार ताठ होऊं शकत नाहीं. दुसरें वळण सैन्याचें. तेथें शिक्षकाचा शब्द हुकूमच असतो. चांदवडजवळच्या तळेगाव रोही या कोरडवाहू गांवाचा दत्तू भोकनळ २०१२ सालीं सैन्यांत गेला आणि त्यानंतर त्याच्या हातीं वल्हें आलें. चार वर्षांत तो रिओच्या ऑलिंपिकांत एकट्याची नाव वल्हवून तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई खेळांत चौघांच्या नावेंत सुवर्णपदक मिळवून परतला. पाण्याचें दुर्भिक्ष सोसलेल्या मुलास पाण्यावर आणणाऱ्या शिस्तीला नांवें ठेवण्याचें धाडस मी करणार नाहीं. हुकूम वाईट नसतो; ज्याच्यावर तो चालतो त्याला बोलण्यास दुसरी जागा उरली नाहीं म्हणजे तो वाईट होतो.

म्हणून महाविद्यालयाच्या शिक्षकवर्गांत किती माणसें असावींत यापेक्षां तीं कोणकोणत्या तऱ्हेचीं असावींत, हें मला अधिक विचारणीय वाटतें. परदेशांतल्या श्रीमंत विद्यापीठांत मुख्य शिक्षक, त्याचे मदतनीस, नवशिक्यांचा निराळा शिक्षक, व्यायाम पाहणारा, नाव दुरुस्त करणारा, अशी मोठी फौज असते. आमच्याकडील तालुक्याच्या महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाचा बहुधा एकच गृहस्थ असतो. तोच कबड्डी शिकवितो, तोच संघ निवडतो, तोच हजेरी मांडतो आणि प्रवासखर्चाचीं बिलेंहि तोच करतो. त्याच्यावर रागावलेल्या मुलानें कोणाकडे जावें? उमरखेडचा किंवा वणीचा मुलगा पहांटेच्या एस्टीनें अमरावतीस निवडीसाठीं जातो. फलकावर यादी लागते, तींत नांव नसतें, आणि संध्याकाळच्या एस्टीनें तो परततो. त्याला कोणी वाईट वागविलेलें नसतें. कोणी कांहीं सांगितलेलेंहि नसतें. घरीं विचारलें तर ‘झालं नाहीं’ एवढेंच तो सांगतो, आणि पुढल्या वर्षीं अर्ज भरीत नाहीं.

मैदानावर पाणी मारणारा, जाळी बांधणारा, चेंडूंत हवा भरणारा एक शिपाई मात्र अनेक ठिकाणीं असतो. संघ कोणाचा निवडला याच्याशीं त्याचा संबंध नसतो. मुलें सामान परत करावयास त्याच्या खोलीवर जातात तीं कधीं कधीं तासभर तेथेंच बसून राहतात. वार्षिक अहवालांत शिक्षकवर्गाची नामावळी छापतात तेव्हां त्याचें नांव तींत असल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं.