मागचं दार

हदगावात नांदेड–नागपूर रस्त्याला लागून एक गाळा होता. पुढचं दार रस्त्यावर, मागचं वस्तीच्या बोळात. मागचं दार कैक वर्षांत कुणी उघडलं नव्हतं. कडी गंजून कोयंड्यातच बसली होती. नुकत्याच डॉक्टर झालेल्या एका मुलीनं तो गाळा दवाखान्यासाठी भाड्यानं घेतला आणि औषधांचं लोखंडी कपाट नेमकं त्या दाराला टेकवून उभं केलं. तेवढीच जागा वाचली.

घर ख्रिस्ती. आजोबा आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले. पेंटर शिडीवर चढला तेव्हा तिनं विचारलं, “आबा, बोर्डावर क्रूस नावाच्या वर काढायचा का बाजूला?”

आबांनी स्टूल ओढलं. “आरोळे डॉक्टरांची गोष्ट सांगितली का गं तुला?”

“हाव. शंभरदा.”

“हापशाची नसंल सांगितली.”

आणि ते सुरू झाले. पेंटरही शिडीवरच बसला.

रजनीकांत आणि मेबल आरोळे दोघंही वेल्लोरला शिकलेले. 1960 साली लग्नाच्या दिवशीच त्यांनी प्रभूसमोर शब्द दिला, की आयुष्य खेड्यातल्या गोरगरिबांत काढायचं. आधी नगर जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात राबले. पण तिथं एक गोष्ट त्यांना खुपायला लागली. बरा करून धाडलेला रोगी काही दिवसांनी तेच दुखणं घेऊन पुन्हा दारात उभा! मग 1970 साली ते त्याच जिल्ह्यातल्या जामखेडला आले. बसायला जागा मिळाली ती गुरांच्या पडक्या दवाखान्याची. त्या भागात जन्मलेल्या हजार लेकरांतली 176 वर्षाच्या आतच जात होती.

“औषध देऊन देऊन किती देणार?” आबा म्हणाले. “प्यायचं पाणीच नासलेलं. त्यात दुष्काळ पडला. बोअर घ्यायचे ठरले. आता तूच सांग, बोअर कुठं घेतात?”

“पाणी लागतं तिथं.”

“आन् पाणी कुणाच्या वाड्याजवळ लागतं, हे बी ठाऊक आहे तुला. या दोघांनी काय केलं? पाणी बघणाऱ्याला सांगितलं, बाबा, आधी दलितवस्तीत बघ. हापसे बसले ते वस्तीत. ज्यांना विहिरीच्या काठावर पाय ठेवू देत नव्हते, त्यांच्या दारात. मग काय! घसा सगळ्यांचाच कोरडा. वाड्यातल्या बाया हंडा घेऊन वस्तीत यायल्या, रांगेत उभ्या राहायल्या. दांडा सगळ्यांच्या हाताखाली सारखाच कुरकुरतो. भाषण कुणी केलं नाही.”

पुढं गावोगावच्या बायांना, त्यातही निरक्षर आणि दलित बायांना, त्यांनी आपली विद्या शिकवली. बाळंतपण, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, सगळं. आपल्याकडं वैद्य मुळी कशाची ते पोटच्या पोराला सांगत नाही! त्यातल्याच मुक्ताबाई पोळ अमेरिकेत वॉशिंग्टनला परिषदेत बोलल्या. छताच्या झगमगत्या दिव्यांकडं बोट करून म्हणाल्या, डॉक्टर तसे. महाग आणि हाताला न लागणारे. मग पिशवीतून दोन साध्या पणत्या काढल्या आणि एकीवर दुसरी लावून दाखवली. आरोळे दांपत्याला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते मात्र आबा सांगायचे राहिले. मला वाटतं, मुद्दामच.

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ते खरं आबा. पण फी रस्त्यावरचेच पेशंट देणार. गाळ्याचं भाडं कुठून काढू?”

“त्यांना कोण नको म्हणायलंय? घे की फी. हापशावर वाड्यातल्या बाया आल्याच की.” आबांनी कपाटाकडं बघितलं. “वस्तीतली बाळंतीण तुझ्याकडं कुठून येणार? सगळा वळसा घालून, ट्रकांच्या मधून?”

वरून पेंटरनं विचारलं, “मॅडम, क्रूस कुठं काढायचा ते सांगा. रंग वाळायलाय.”

“राहू द्या आत्ता. खाली या, कपाटाला हात लावा.”

तिघांनी मिळून कपाट सरकवलं. फरशीवर लांब पांढरा ओरखडा उमटला. कडी हलेना. आबांनी शेजारच्या दुकानातून वाटीभर रॉकेल आणलं, चिंधीनं कोयंड्यात पिळलं आणि दगडानं हळूहळू ठोकायला लागले. त्या आवाजानं बोळात कुणीतरी थांबलं. फटीतून एका लहान पोराचा डोळा दिसला.

“काय करायलाव?” त्यानं विचारलं.

“दार उघडायलाव,” मुलगी म्हणाली. “बाजूला हो, लागंल.”